दुसरी खाच

यावर तुमच्यापैकी कुणाचाही विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे नंतर ‘बाबा, काहीतरीच काय’ म्हणायची तसदी तुम्हाला पडायला नको. तशा विश्वास न बसण्याजोग्या गोष्टी मी जन्मभर सांगत आलो आणि तुम्ही त्या चहाच्या घोटाबरोबर गिळत आलात. कलिंगडाची घ्या. भर उन्हात रेडिएटर फुटलेला, आसपास पाण्याचा टिपूस नाही आणि मागच्या सीटवर दोन कलिंगडं. त्यांच्या रसावर मी गाडी पुढच्या गावापर्यंत नेली की नाही? गावात शिरलो तेव्हा सायलेन्सरमधून बिया उडत होत्या आणि कोंबड्या त्या टिपायला मागून धावत होत्या. किंवा अंड्यांची घ्या. रेडिएटरला सुईएवढं भोक पडलं, तर मी तीन अंडी फोडून आत सोडली. भोक बुजलं, आणि मुक्कामाला पोचून झाकण उघडलं तर न्याहारी तयार. खोटं वाटत असेल तर विचारा हिला.

अशी मी सुरुवात केली, आणि स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, “हो, होतं तसं.”

या तीन शब्दांवर आमचा संसार उभा आहे असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण माझ्या इतर अतिशयोक्तींच्या मानाने लहान. मी गोष्ट रचत न्यायची, ती कळसाला पोचली की ‘विचारा हिला’ म्हणायचं, आणि हिने हातातलं काम न थांबवता ‘हो, होतं तसं’ म्हणायचं, हा रिवाज लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचा. कलिंगडं फुटली तेव्हा ही माहेरी होती. अंड्यांच्या वेळी तर हिचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं. तरी साक्ष कधी चुकली नाही. मी सबंध नोकरी वजनं आणि मापं तपासण्यात काढली, दुकानादुकानातून तराजू धरून फिरलो, कुठल्या पारड्याखाली मेणाची गोळी चिकटवली आहे ते वासाने ओळखलं. आणि घरी आलो की माझ्याच पारड्यात ही रोज मूठभर जास्त टाकायची. तक्रार कोण करणार?

पण त्या दुपारची गोष्ट वेगळी होती. टेबलाच्या मधोमध, पावाची थाळी आणि चहाची किटली यांच्यामध्ये, गाडीची किल्ली ठेवलेली होती. ती माझ्या लेकीने ठेवली होती. खुंटीवरून काढली, टेबलावर ठेवली, आणि समोर बसून म्हणाली, “बाबा, आज कलिंगडं नकोत. सर्जन काय म्हणाला ते सरळ सांगा. गाडीत दोष असेल तर तो काढू, किल्ली तुमची. गाडीत नसेल, तर किल्ली मी घेऊन जाते.” शेजारी जावईबापू चहात साखर ढवळत होते, जी कधीच विरघळली होती. ढवळण्याच्या आवाजावरूनच मला कळलं की हे दोघं घरून ठरवून आलेत. किल्ली माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तिच्याकडे बघायचं नाही असं मी ठरवलं आणि गोष्ट सांगायला लागलो. कारण सरळ सांगणं ही मला कधी न जमलेली कला आहे, आणि म्हातारपणी नवीन कला शिकू नये, हसं होतं.

सर्जन म्हणजे आमचा मेकॅनिक. हात धुऊन, बोटं वर करून तो गाडीपाशी येतो आणि ‘ऑपरेशन यशस्वी’ म्हणून बॉनेट पाडतो, म्हणून हे नाव, मीच ठेवलेलं. गाडीचा पाण्याचा पंप गळायला लागला तेव्हा ती त्याच्याकडे दिली. त्याने पंप बदलला, रबरी पाइप बदलले, रेडिएटर आतून धुऊन काढला, त्यात ते हिरवं, गोडसर वासाचं औषधी पाणी भरलं आणि म्हणाला, “साहेब, आता इंजिन तापलं तर मिशी उतरवीन.” मी हसलो, रस्त्याला लागलो, आणि पहिल्या वळणावर माझ्या लक्षात आलं की त्याला मिशीच नाही. इथून सगळं सुरू झालं. जो माणूस नसलेली मिशी गहाण टाकतो, त्याने बसवलेला पंप असेलच कशावरून? घरी आल्या आल्या मी बॉनेट उघडून आत वाकलो. सगळं जिथल्या तिथे, चकचकीत, आणि तेच संशयास्पद. तपासनीस येणार म्हणून दुकानदार ज्या दिवशी तराजू घासून ठेवतो, त्याच दिवशी वजनं हलकी असतात. मी रेडिएटरमध्ये डोकावून बघितलं. पाणी गळ्यापर्यंत होतं, हिरवंगार, स्थिर, त्यात माझा चेहरा दिसत होता, एखाद्या विहिरीत पडलेल्या माणसाचा दिसावा तसा.

“म्हणजे झाकण उघडत होतात तुम्ही?” लेक म्हणाली.

“एकदा. खात्री करायला. माल घरी आणल्यावर पिशवी उघडून बघतच नाही का माणूस?”

तिने किल्लीचं कडं बोटाने थोडं सरळ केलं. ही तिची लहानपणापासूनची सवय, कुठलीही गोष्ट टेबलाच्या कडेला समांतर करायची. मी तिला त्याच गाडीत बसवून शिकवणीला न्यायचो तेव्हाही ती पुस्तकांचे काठ जुळवत बसायची आणि मी तिला सांगायचो की या गाडीला माझे हात कळतात, हात लावला की ती ओळखते. तेव्हा ती खरंच मानायची. माझे हात! नोकरीत असताना माझ्या तळहातावर किलोचं वजन ठेवलं तर ते अंगठीभर कमी आहे हे मी डोळे मिटून सांगायचो. दुकानदार मला ‘काटा’ म्हणायचे. साहेब म्हणून मान द्यायचे तोंडावर, आणि पाठ वळली की काटा गेला, काटा गेला. अजूनही रस्त्यात एखादा म्हातारा दुकानदार भेटला की पहिल्यांदा माझ्या हातांकडे बघतो.

तर दुसऱ्याच दिवशी ही आणि मी बाजारात निघालो. सिग्नलपाशी गाड्यांची रांग लागलेली, ऊन टपावर बसलेलं, आणि मला काट्याचा धक्का बसला. काटा म्हणजे मी नव्हे, समोरचा, तापमानाचा. तो नेहमी मध्यावर झोपलेला असतो; मी पाहिलं तर तो उठून बसला होता. मी बघतोय हे कळल्यासारखा तो क्षणभर थांबला आणि मग सावकाश, अगदी निर्लज्जपणे, लाल पट्ट्याकडे सरकायला लागला. ही म्हणाली, “गोड वास येतोय हो कसला तरी.” मी म्हटलं, “पुढच्या गाडीचा.” मग आमच्याच बॉनेटच्या फटीतून वाफ निघायला लागली आणि पुढच्या गाडीवर ढकलण्यात अर्थ राहिला नाही. एका भिंतीच्या कडेला गाडी उभी केली. आम्ही दोघं आत बसून होतो. निवणाऱ्या लोखंडाची टक टक चालली होती, जसं कुणी आत बसून नखाने दार वाजवतंय. हिने पर्समधून रुमाल काढून माझं कपाळ पुसलं आणि मी तिच्याकडे न बघता विचार करत होतो की, काल ठीक होती, आज नाही. मधल्या रात्रीत गाडीजवळ कोण आलं?

सर्जनकडे गेलो. त्याने पाणी भरलं, गाडी बाहेर काढली, सगळ्या गल्ल्या फिरवून आणली. काटा मध्यावर, गाढ झोपलेला. “साहेब, तुमचा भास.” दोन दिवसांनी पुन्हा वाफ. मग त्याने थर्मोस्टॅट नावाची झडप बदलली. ती इंजिन तापलं की पाण्याला वाट देते. पुन्हा चक्कर मारली, पुन्हा काटा झोपलेला. पुन्हा घरी आणली, पुन्हा तापली. तिसऱ्या खेपेला जावईबापूंनी गाडी परस्पर त्याच्याकडून घेतली, लांबच्या कामाला गेले, संध्याकाळी परत आणली आणि म्हणाले, “बाबा, लोण्यासारखी चालली.” लोण्यासारखी! म्हणजे त्याच्या हाताखाली तापत नाही, यांच्या हाताखाली तापत नाही, तापते ती माझ्याच हाताखाली. अशा वेळी शहाणा माणूस काय विचार करेल? इंजिनात खोट आहे असा? मी तीस वर्षांत शिकलो ते एवढंच की खोट कधी लोखंडात नसते. लोखंड बिचारं जेवढं आहे तेवढं भरतं. खोट अंगठ्यात असते.

अंगठ्यावरून आठवलं, आणि हे मी त्या दिवशीही सांगितलं, कारण यावर जावईबापू नेहमी हसतात. एक धान्याचा दुकानदार होता, पिकलेला, डोळ्यांत पाणी साठलेला. मी आडून बघत होतो. त्याने पारड्यात डाळ ओतली आणि त्याचा अंगठा पारड्याच्या काठावर टेकला. बाहेर येऊन मी मनगट धरलं. तर म्हणतो कसा, “साहेब, मी दाबत नाही. अंगठा माझं ऐकत नाही.” हजार सबबी ऐकल्या मी, वारा आला, मांजर उडी मारून गेलं, बायकोने वजन धुतलं म्हणून झिजलं; पण अंगठा ऐकत नाही, ही सगळ्यांत भारी! पुढे कित्येक वर्षं आमच्या कचेरीत काही बिघडलं की आम्ही म्हणायचो, अंगठा ऐकत नाही. जावईबापू या खेपेला हसले नाहीत. चमचा बशीत ठेवला त्यांनी. मलाही ती गोष्ट त्या दुपारी नेहमीइतकी रंगली नाही असं वाटलं. मध्येच मला त्या म्हाताऱ्याचं मनगट आठवलं, हातात धरलं तेव्हा ते आतल्या आत, वाऱ्यावरच्या पानासारखं, लवलवत होतं. इतकी वर्षं गोष्टीत ते कधी आलं नव्हतं. मी चहाचा कप दोन्ही हातांनी उचलला. हल्ली मी कप दोन्ही हातांनीच उचलतो, ऊब मिळते.

मग मी रीतसर संशय घ्यायला लागलो. मोठ्याने नव्हे, मनातल्या मनात. सर्जनवर तर होताच. पण मग असं लक्षात आलं की सर्जन जावईबापूंशी फोनवर बोलतो. का? गाडी माझी, तापते माझ्यावर, आणि बोलणं त्यांच्याशी! मग आठवलं की वाफेच्या पहिल्याच दिवशी लेक म्हणाली होती, “टॅक्सी काय वाईट आहे, बाबा?” गाडी तापल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचायच्या आधी म्हणाली होती की नंतर? मी त्यावर दोन दिवस घालवले. आंघोळ करताना मला खात्री वाटायची, आधी. जेवताना वाटायचं, नंतर. रस्त्याने चालताना घरांच्या फाटकांतल्या गाड्या माझ्याकडे बघायच्या आणि प्रत्येकीचा काटा मध्यावर असेल असं वाटून मला त्यांच्या मालकांचा राग यायचा. एका साध्या पाण्याच्या कटात किती माणसं सामील असू शकतात! मला रात्रीची झोप येईना असं नाही, झोप यायची. पण स्वप्नात मी सगळ्या नातेवाइकांना एकेक करून तराजूत बसवायचो आणि सगळे भरायचे कमी.

“अहो, जॅम आणते, पाव कोरडाच खाताय सगळे,” म्हणून मघाशी येऊन बसलेली ही याच सुमाराला पुन्हा आत गेली. मी तिला जाऊ दिलं. गोष्ट आता जिथे येऊन ठेपली होती तिथून पुढे ती समोर नसलेली बरी. मी खुर्ची पुढे ओढली, आवाज उतरवला आणि म्हटलं, आता ऐका.

इथे एक धंद्यातली गोष्ट सांगतो. ही टेबलावर सांगितली नव्हती, तुम्हाला म्हणून. खोटं बोलायचं असेल तर खऱ्यापासून वीतभर अंतरावर बसून बोलावं. फार लांब गेलं की ओरडावं लागतं आणि ओरडणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. जावईबापू दुसऱ्या दिवशी सर्जनला फोन करणार हे मला त्यांच्या चमच्यावरून कळलंच होतं. तेव्हा सर्जन जे म्हणाला ते मी जसंच्या तसं सांगितलं, अक्षर इकडचं तिकडे केलं नाही.

चौथ्या खेपेला त्याने बॉनेट उघडलं, अवजारं काढली, एक पाना हातात घेतला आणि थांबला. रेडिएटरच्या तोंडाभोवती हिरवट पांढरी खपली धरली होती, वाळलेल्या लाळेसारखी. त्याने पाना खाली ठेवला. तीन वेळा पोट फाडून झाल्यावर सर्जनने पहिल्यांदा रोग्याची जीभ बघितली म्हणायची. “साहेब,” तो म्हणाला, “हे झाकण कोण उघडतं?” मी म्हटलं, कोण उघडणार? तो म्हणाला, “रोज कुणीतरी उघडतंय. हे बघा. याला दोन खाचा असतात. दाबून फिरवलं की पहिली. ती म्हणजे नुसतं लोटलेलं दार. आणखी जोर लावून फिरवलं की दुसरी, ती कडी. हे पहिल्यावर आहे. आत दाब धरत नाही, वाफ निसटते, पाणी कमी होतं, इंजिन तापतं. मी दर वेळी कडी लावून देतो, म्हणून माझ्याकडे तापत नाही. तुमच्या घरी गेली की कुणीतरी उघडतं आणि कडी न लावता सोडतं.” मग स्वतःवरच चिडून म्हणाला, “आणि मी झडप फुकट बदलली!”

“म्हणजे गाडीत दोष नाही,” लेक म्हणाली.

“गाडीत नाही.”

तिचा हात टेबलावरून किल्लीकडे निघाला. तेव्हा मी म्हटलं, “घाई करू नकोस. कोण उघडतं ते विचार ना.”

हात थांबला. मी किल्लीकडे बघितलं नाही. खिडकीकडे बघितलं, कारण पुढचं सगळं त्या खिडकीत घडायचं होतं. मी सांगितलं की सर्जनकडून आल्यावर मी जुनी युक्ती केली. तराजूला आम्ही शिसं ओतून मोहर करायचो. इथे मी मेणबत्ती पेटवली आणि झाकण आणि रेडिएटर यांच्या सांध्यावर मेणाचा एक थेंब टाकला. सकाळी बघतो तर थेंब तडकलेला. दुसऱ्या दिवशी पहाटेच उठलो, पलंगावर शेजारची जागा रिकामी. खिडकीचा पडदा बोटभर बाजूला केला. आणि काय सांगू तुम्हाला! ही. तुमची आई. सपाता घालून, केस मोकळे, एका हातात पाण्याचा जग. बॉनेट उघडताना आवाज होऊ नये म्हणून कडेला रुमाल लावलेला. मला तापलेल्या गाडीत बसून घाम पुसताना तिने बघितलं होतं ना. तिच्या मनाने घेतलं होतं की पाणी कमी पडतंय. कुणाला न सांगता, मला तर मुळीच न सांगता, ती रोज पहाटे इंजिनाला पाणी पाजत होती, जसं कुंडीतल्या रोपाला घालतात. आत वाकून बघायची, समाधान झालं की झाकण लावायची. दोन्ही हात लावून दाबायची, फिरवायची. पहिल्या खाचेपर्यंत झाकण जायचं आणि तिथे अंगठा अडायचा. पुढे रेटायला जावं तर अंगठ्याच्या मुळातून एक कळ निघते, मनगटाच्या आतून तार ओढल्यासारखी कोपरापर्यंत जाते, आणि मग बोटं एकदम आपली राहत नाहीत, कुणा दुसऱ्याची कापडात गुंडाळून आपल्या हातात दिल्यासारखी होतात. मग माणूस झाकणावर तळहात नुसता ठेवतो, बसलं असेल असं म्हणतो, बॉनेट पाडतो, आणि घरात येऊन हात बराच वेळ गरम पाण्याखाली धरतो.

मला स्वतःलाच ते खरं वाटलं. पहाटेचा तो निळसर उजेड, तिचे मोकळे केस, रुमाल. मी ते पाहिलं होतं, आणि जर पाहिलं नव्हतं तर कुणीतरी पाहायला हवं होतं. इतकी सुंदर गोष्ट मी उभ्या जन्मात रचली नाही. कलिंगडं तिच्यापुढे पाणी भरतील. आणि गोष्टीचा हिशेबही चोख बसत होता. गाडीत दोष नाही, माझ्यात दोष नाही, आणि हिच्यात होता तो दोष कसला, माया होती. उद्यापासून हिने झाकणाला हात लावायचा नाही, बस्स. किल्ली खुंटीवर.

लेकीचे डोळे ओले झाले होते हे मी पाहिलं आणि मनात म्हटलं, जिंकलो. पण जावईबापू, ज्यांना मी सबंध दुपार साखर ढवळणारा माणूस समजत होतो, ते हळूच म्हणाले, “बाबा, पडद्याआडून कळ दिसली?”

“काय?”

“अंगठ्यातली. कोपरापर्यंत गेलेली.”

हसून म्हणाले असते तर मी हसून परतवलं असतं. तराजूची एक गंमत असते; दोन्ही पारडी सारखी झाली की काटा स्थिर व्हायच्या आधी थोडा थरथरतो, आणि तेवढ्या वेळात दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघंही श्वास घेत नाहीत. तसं झालं. माझे हात टेबलावर होते. ते मी खाली मांडीवर घेतले. डोक्यावरून घालायचा सदरा होता माझा. हल्ली मी तसलेच घालतो, कारण बटणं हे शिंप्यांचं कारस्थान आहे अशी माझी एक गोष्ट आहे, आणि ती सगळ्यांना आवडते. तेवढ्यात ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलेली मला दिसली. हातात जॅमची नवी बरणी. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. मला हायसं वाटलं. गेल्या पंधरवड्यात मी जगातल्या प्रत्येक माणसावर संशय घेतला होता, हिच्यावरसुद्धा. परवा मोठ्या वळणावर गाडी चालवताना हिचा हात अचानक माझ्या बाजूला आला. इंजिनाची उष्णता आत ओढली जाऊन ते निवावं म्हणून मी हीटर पूर्ण सोडून ठेवला होता, आम्ही दोघं घामाने निथळत होतो, आणि मला वाटलं ही हीटर बंद करायला बघते आहे, माझं इंजिन तापवायला बघते आहे. मी ओरडलोही होतो. पण साक्षीचा प्रश्न आला की हिच्यावर संशय घ्यायचं मला कधी सुचलेलं नाही. मी खुर्चीत मागे टेकलो आणि म्हटलं, “माझ्यावर विश्वास नाही ना? विचारा हिला.”

ती आत आली. बरणी टेबलावर ठेवून किल्लीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“नाही,” ती म्हणाली.

मला वाटलं तिला गोष्ट नीट ऐकू आली नसेल. “अगं, झाकणाचं. पहाटेचं.”

“ऐकलं मी. नव्हतं तसं.” आवाज नेहमीचाच होता, कामात असल्यासारखा. “कलिंगडाला हो म्हटलं. अंड्यांना हो म्हटलं, तेव्हा तर मी तुम्हाला ओळखतही नव्हते. आयुष्यभर म्हणेन. पण रोज पहाटे पलंगावर शेजारची जागा रिकामी असते ती तुमची. परत येऊन गरम पाण्याचा नळ सोडता, मला ऐकू येतो. आणि परवा वळणावर मी हीटर बंद करायला हात नव्हता घातला हो. स्टिअरिंग पुरतं वळलं नव्हतं. समोर भिंत होती.”

“आई,” लेक म्हणाली.

“थांब गं तू.” तिने जॅमची बरणी उचलली, पावाची थाळी बाजूला सारली, किल्ली बाजूला सारली, आणि बरणी माझ्यासमोर ठेवली, नवी, बंद. मग इतक्या हळू बोलली की जावईबापूंना पुढे वाकावं लागलं.

“उघडा ही. उघडलीत तर मी म्हणेन, हो, झाकणावर होती ती माझीच बोटं.”